दोन ते तीनची पाळी

"मॅडम, मी झोपले आणि तिकडं काही झालं तर?"

हे वाक्य मी समुपदेशनासाठी आलेल्या इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरचा माणूस खुर्चीत बसेपर्यंत कधीकधी मला ते आधीच ऐकू येतं. 2020 च्या टाळेबंदीत ते होतं, 2021 च्या दुसऱ्या लाटेत होतं. 2023 मध्ये मणिपूर पेटलं तेव्हा बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे छावणी भागातल्या, एका निवृत्त शिक्षकांनी तेच वेगळ्या शब्दांत विचारलं, "आमचा उपास कमी पडला का?" आणि 2025 च्या मे महिन्यात तर बेळगावात, खानापुरात, निपाणीकडं जिथं जाईन तिथं हेच.

काळजी समजून घेण्यासारखी आहे. देशावर संकट आलं की ख्रिस्ती माणसानं गुडघ्यांवर, म्हणजे प्रार्थनेनं, लढायचं, असं आपण मंडळीत लहानपणापासून ऐकतो. मग ज्याच्या हातात एवढं मोठं शस्त्र आहे तो डुलकी लागल्यावर दचकून उठणारच. मी स्वतः मंडळीतच वाढले, त्यामुळं 'आध्यात्मिक युद्ध' म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडत नाही. बहुधा म्हणूनच ही माणसं माझ्याकडं येतात. इतरांकडं गेली तर एक तर "हे सगळं सोडा" ऐकायला मिळतं, नाहीतर "अजून जोरात करा".

त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पण बोलणं त्यांचंच.

ती सांबऱ्याच्या पुढच्या एका गावातून यायची. सीबीटीला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून चालत कॅम्पात. कर्नाटकात सरकारी बसचं तिकीट बायकांना माफ असल्यामुळं आठवड्याला येणं परवडत होतं, नाहीतर दुसऱ्या खेपेलाच गाठ तुटली असती. नवरा फौजेत, पोस्टिंग जम्मूकडं. घरी सात वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासरेही फौजेतलेच, नायब सुभेदार म्हणून निवृत्त.

22 एप्रिलला पहलगाममध्ये 26 माणसं मारली गेली, तेव्हा ईस्टर होऊन दोनच दिवस झाले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या पाळकसाहेबांनी चोवीस तासांची प्रार्थना साखळी सुरू केली, एकेकाला एकेक तास. हिच्या वाट्याला रात्री दोन ते तीन आला. 7 मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली, मग तीन दिवस नवऱ्याचा फोन नाही. 10 तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबला आणि रात्री त्याचा फोन आला. सुखरूप.

आता खरी मेख इथं आहे. गोळीबार थांबल्यावर साखळीतली माणसं हळूहळू गळाली. कुणाच्या घरी लग्न, कुणाची शेतीची गडबड. जो तास रिकामा पडेल तो हिनं घेतला. जूनच्या सुरुवातीला ती माझ्यासमोर बसली तेव्हा रात्री एक ते चार एकटीच उठत होती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आखलेला तक्ता तिनं पिशवीतून काढून दाखवला. तेवीस नावांवर निळ्या पेनची रेघ, आणि रिकाम्या चौकटींत तिच्या नावाचं पहिलं अक्षर.

पहिल्यांदा तिनं मला ताकीदच दिली.

"प्रार्थना बंद कर म्हणणार असाल तर मी आत्ताच जाते."

"नाही म्हणणार. पण नवरा सुखरूप आहे. आता कशासाठी उठतेस?"

"तो सुखरूप कशामुळं राहिला, मॅडम?"

मी गप्प झाले. लोकांना वाटतं की न ऐकलेली प्रार्थना माणसाला मोडते. माझा अनुभव असा की कधीकधी ऐकलेली प्रार्थना जास्त घट्ट बांधते. नवरा वाचला, आणि वाचला तो माझ्या जागण्यामुळं, असा हिशेब एकदा मनात बसला की मग झोपणं म्हणजे त्याच्यावरचं छप्पर काढून घेणं. जिंकलेल्या माणसाला माघारी यायची वाट उरत नाही. हे मला त्या दिवशी तिच्या त्या उलट्या प्रश्नानं शिकवलं. तोवर इतकी वर्षं मी भीतीचं मूळ अपयशात शोधत होते.

ती आली मात्र स्वतःसाठी नव्हती, मुलासाठी. सांबऱ्याच्या विमानतळावर विमान उतरताना त्यांच्या पत्र्यावरून आवाज जातो. हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्रही तिथंच, त्यामुळं आवाजाची सवय सगळ्या गावाला. पण मुलगा आता त्या आवाजानं उठून बसायचा. एका रात्री त्यानं विचारलं, "मम्मी, मी झोपलो तर पप्पा मरणार?" त्याला असं कुणीच सांगितलं नव्हतं. भीती शिकवावी लागत नाही, ती घरात असली की पोरं उचलतात. मी माणसाला एकटा धरून बघतच नाही, घर बघते. माझ्या बरोबरीच्या काही जणांना हे जुनाट वाटतं. असो.

दुसऱ्या भेटीत ती बायबल घेऊन आली आणि यहेज्केलाचा 33 वा अध्याय माझ्यापुढं धरला. तलवार येताना पाहूनही पहारेकऱ्यानं कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याच्याकडून घेतला जाईल, असं तिथं आहे. सगळी भीती त्या एका ओळीत गोठली होती. मी तिला तो अध्याय मोठ्यानं वाचायला लावला. पहारेकऱ्यानं नेमकं काय काय करायचं, ते बोटांवर मोजायला सांगितलं. बघायचं आणि वाजवायचं. दोनच बोटं.

"आणि तलवार अडवायची?"

"ते नाही लिहिलेलं."

मला वाटलं, झालं काम. मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. पण माझं ते हुशारीचं स्पष्टीकरण बसमध्ये बसून सांबऱ्याला पोचेपर्यंत विरलं असावं, कारण त्या रात्रीही ती एक ते चार उठली. डोक्याला पटलं होतं. पण रात्री एक वाजता उठतं ते डोकं नसतं.

मधल्या भेटीत आणखी एक गोष्ट निघाली. घरी अंडी आणून देणारा एक मुसलमान म्हातारा होता, वर्षानुवर्षांचा. मे महिन्यापासून तिनं त्याच्याकडून अंडी घेणं बंद केलं होतं. "गटावर आलं होतं की शत्रूला दारात उभं करू नका." याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरला, ऑपरेशन सिंदूरची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशींच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट फिरली होती. पोलिसांनी ती खोटी असल्याचं सांगितलं. तीही हिच्या गटावर आली होती, आणि हिनं ती पुढंही पाठवली होती.

इथं मी तिला जरा खडसावलंच. पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात देवाची शस्त्रसामग्री सांगितली, ती आपण लहानपणी पुठ्ठ्याची करून ख्रिसमसच्या नाटकात घातलेली असते. कमरबंद, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तलवार. पण शस्त्रांच्या आधीच तो म्हणतो की हा झगडा रक्तमांसाशी नाही. अंडीवाला रक्तमांस आहे. आणि त्या सगळ्या सामग्रीत पायांत काय घालायला सांगितलंय? शांतीची सुवार्ता. पुठ्ठ्याच्या त्या पोशाखात चपला कुणी करत नाही, म्हणून आपल्या लक्षातही राहत नाहीत. ज्या युद्धप्रार्थनेतून उठल्यावर शेजाऱ्याचा राग वाढलेला असतो, ती कुठल्या तरी दुसऱ्याच छावणीतली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथ्या वेळी मी सासऱ्यांना बोलावलं. तिला ते आवडलं नाही. "मामांना प्रार्थनेचं काही नाही हो, ते नाताळला तेवढे येतात." आले. खुर्चीवर ताठ बसले, टोपी मांडीवर. त्यांची तक्रार एवढीच की सूनबाई दारांच्या चौकटींना प्रार्थनेच्या तेलाची बोटं लावते आणि त्याला मुंग्या येतात. मी त्यांना प्रार्थनेबद्दल विचारलंच नाही. पहाऱ्याबद्दल विचारलं.

"संत्री किती वेळ उभा राहतो, सुभेदारसाहेब?"

"दोन तास. मग बदली."

"बदली करायला कुणी आलंच नाही तर?"

"जागा सोडायची नाही. पण गार्ड कमांडरला कळवायचं. न कळवता जो रात्रभर उभा राहतो ना, त्याला आम्ही शूर नाही म्हणत. पहाटे त्याला झाड पण माणूस दिसतंय. तो पोस्टला धोका."

सूनबाई जमिनीकडं बघत होती. म्हातारबुवा थोडे थांबले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "मी बी जागाच असतो की. रोज ऐकूलोय, एक वाजता तुझं दार वाजतंय. पण मला कुणी बदली मागितली नाही."

खोलीतला पंखा तेवढा वाजत होता. या व्यवसायात असे क्षण वर्षातून दोन-तीनच येतात आणि तेव्हा आपण तोंड बंद ठेवायचं असतं, एवढं मला आता जमतं. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, दोन माणसं सीमेवरच्या एकाच माणसासाठी महिनाभर जागी होती आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मामा, तुम्ही प्रार्थना कराल?"

"तुझ्यासारखं बोलता येत नाही मला. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणेन. चालेल?"

ठरलं असं: रात्री दहाला ती अर्धा तास प्रार्थना करणार, मग फौजेत देतात तसा ताबा द्यायचा. तिनं म्हणायचं, "पोस्ट पर सब ठीक." पुढचं मामांचं. मुलाला हा खेळ इतका आवडला की सॅल्यूट त्यानं घातला. फोन रात्री मामांच्या खोलीत, पेटीवर.

पुढच्या आठवड्यात ती हसत आत आली. महिन्याभरात तिचं हसणं मी प्रथमच बघत होते.

"मॅडम, पहिल्याच रात्री तीनला जाग आली, जाऊन बघते तर मामा खुर्चीत घोरतायत."

"मग?"

"आधी छातीत धस्स झालं. वाटलं, उभी राहते मीच."

"राहिलीस?"

"नाही. तिथंच उभी राहून बघत राहिले. सकाळी ह्यांचा फोन आला. सगळं ठीक."

मी विचारलं, "तू झोपलेली, मामा झोपलेले. मग त्या रात्री पहाऱ्यावर कोण होतं?"

ती खूप वेळ काही बोलली नाही. मग 121 वं स्तोत्र तिनंच काढलं, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, ते. लहानपणापासून तिला पाठ होतं. ते वचन मी पहिल्या दिवशीच तिच्या हातात ठेवू शकले असते. ठेवलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि रात्री एकला उठली असती. आधी म्हाताऱ्यानं घोरायला लागतं.

आता ज्यांना हीच काळजी आहे त्यांना थोडं सरळच सांगते. प्रार्थनेनंतर तुम्ही हलके होता की आवळले जाता, एवढं बघा. शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत असेल, एक वेळ चुकली तर दिवसभर हात थरथरत असतील, तर ती भक्ती राहिलेली नाही, भीतीनं भक्तीचे कपडे घातलेत. 127 व्या स्तोत्रात शहराच्या पहारेकऱ्याची गोष्ट निघते ती पुढच्याच ओळीत झोपेपाशी येते, हे मुद्दाम वाचा. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकरी खायला लावली, मध्ये झोपू दिलं. आमच्याकडं येणाऱ्यांना मी हाच क्रम लावते: आधी जेवण, मग झोप, मग तत्त्वज्ञान.

पाळकसाहेबांना एक विनंती. साखळी जरूर करा, पण ती कधी संपणार हेही सुरू करतानाच जाहीर करा. नावं गळाली की तक्ता बघा, गळलेले तास कोण एकटं उचलतंय ते शोधा. ते बहुतेक वेळा घरची कुणीतरी बाई असते. आणि तिला "विश्वास वाढव" म्हणू नका. पौलासारखा पौल, साखळदंडात असताना, इफिसकरांच्या पत्रातल्या त्याच शस्त्रसामग्रीच्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो की माझ्यासाठीही प्रार्थना करा.

झोप सलग काही रात्री अजिबातच येत नसेल, कानात आज्ञा ऐकू येत असतील, खाणं सुटलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर माझ्याकडंही थांबू नका. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळ आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. औषध घेणं म्हणजे शस्त्र खाली ठेवणं नव्हे. माझ्या ओळखीच्या दोन उत्तम प्रार्थना करणाऱ्या बायका रोज रात्री गोळी घेऊन झोपतात.

सूनबाई ऑगस्टपर्यंत येत राहिली. अंडीवाला परत यायला लागला, पण अवघडलेपण गेलं नाही म्हणाली, आणि ते इतक्यात जाणारही नाही. चौकटीवरचे तेलाचे डाग मामांनी सोड्यानं घासले, तरी थोडे राहिलेच.

10 नोव्हेंबरला संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला. त्या रात्री टीव्हीपुढून मीच उठले नव्हते. साडेदहाला फोनवर तिचा मेसेज आला: "बातमी बघितली. प्रार्थना झाली. आता मामांची पाळी. मी झोपते मॅडम, तुम्ही पण झोपा."