मुंबईत एकच दिवस आहे, सोबत आई आहे. मराठा मंदिर थिएटरात सिनेमा बघत तीन तास घालवावेत की बाहेरून फोटो काढून पुढे निघावं?

आत जा. बाहेरून डोळे भरून बघण्यासारखं जुनं थिएटर हवं असेल, तर कुलाब्याचं रीगल गाठा. मराठा मंदिरची खरी मजा प्रेक्षकांत आहे.

मी गेले तो आडवार होता. रात्रीच्या एसटीने सकाळी मुंबई सेंट्रलला उतरले, काम संध्याकाळी. थिएटर आगारापासून चालत पाच मिनिटांवर. साडेअकराच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चं तिकीट खिडकीवरच काढलं. तेवढ्या पैशांत मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नही येत नाहीत. बाल्कनी सोडून मुद्दाम खाली बसले.

शेजारी एक काका. चेन तुटलेली बॅग नायलॉनच्या दोरीने आवळून पायांत धरलेली. पहिल्या अर्ध्या तासातच घोरायला लागले. गाणं लागलं की जागे व्हायचे, ओठ हलवायचे, गाणं संपलं की परत डोळे मिटायचे. मागच्या रांगेतली पोरं प्रत्येक संवाद पडद्याच्या आधी म्हणून मोकळी. शेवटचा रेल्वेचा प्रसंग (तो आपल्या रायगडातल्या आपटा स्टेशनवर चित्रित झालाय) आला तेव्हा काका टक्क जागे होते. नायिका डब्यात चढली, शिट्ट्या सुरू झाल्या आणि काका बॅग खांद्याला मारून तरातरा बाहेर. त्यांचीही गाडी असावी.

हा सिनेमा इथे २० ऑक्टोबर १९९५ला लागला. फेब्रुवारी २०१५मध्ये, १००९ आठवड्यांनंतर, तो उतरवायचं ठरलंही होतं; लोकांनी इतका ओरडा केला की काही दिवसांतच परत लावावा लागला. करोनात मात्र पडदा बंद होता.

थिएटर १९५८चं. ऑगस्ट १९६०मध्ये ‘मुघल-ए-आझम’चा प्रीमियर इथेच झाला, रिळं सजवलेल्या हत्तीवरून आणली होती. आईंना हे आत शिरतानाच सांगा, नुसतं थिएटर बघण्यापेक्षा जास्त आवडेल. माझ्या आईला मी नंतर फोनवर सांगितलं, तर ती दोन दिवस रुसली होती, मला का नाही नेलंस म्हणून.

सिनेमा तीन तास नऊ मिनिटांचा आहे, मध्यंतर वेगळं. त्यामुळे आईंना नाश्ता करूनच न्या. संध्याकाळची गाडी असेल तर सामान घेऊन गेलात तरी कोणी वळून बघणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी खेळ आहे ना, एवढं मात्र बघून घ्या.