वीस वर्षं मस्कतला राहून वडील (71) नाशिकला कायमचे परतलेत, आई 67 ची. सरकारी योजनांसाठी सुरुवात कुठून करू?

आधारच्या मोबाईल नंबरपासून करा. माझ्या काकांचं दुबईहून सिडकोत परतल्यावर इथेच अडलं. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येईना. नवा नंबर आधार केंद्रात स्वतः जाऊन जोडता येतो.

मग बँक. खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) असेल तर परत आल्याचं कळवून ते साधं करून घ्या आणि आधारशी जोडा, कारण योजनांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. काकूंनी पासपोर्टची शिक्के असलेली सगळी पानं झेरॉक्स करून एका फाईलला लावली होती. ती फाईल प्रत्येक खिडकीवर कामी आली.

वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. वडिलांना उद्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हेच हाताशी असेल, म्हणून यात दिरंगाई नको.

श्रावणबाळ निवृत्तिवेतन 65 च्या पुढे मिळतं, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं आणि राज्यात किमान 15 वर्षांचं वास्तव्यही. तुमच्या घरात पगार येत असेल तर तहसीलच्या खेपा घालू नका. रेशनकार्डावरून नावं कमी झाली असतील, तर ती मात्र लगेच चढवून घ्या.