पोरीला सायन्स झेपत नाही का?

‘मॅडम, दहावीला ८२ टक्के होते, बारावीही नीट सुटली. आता बी.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. बीएला घालू का तिला?’ जयगड खाडीकाठच्या गावातून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) रत्नागिरीत निकाल लागले की हा प्रश्न येतोच. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांच्या घरून जरा जास्तच.

मुलीशी एकटीशी बोलले. अडलं की कुणाला विचारतेस? ‘कुणालाच नाही.’ जर्नल मोत्यासारखं, पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, टायट्रेशन करताना, ब्युरेट (द्रावण थेंबथेंब सोडायची मापाची नळी) कायम जोडीदाराच्या हातात. ही फक्त रीडिंग लिहायची. वर्गात स्कार्फवाल्या दोघीच. ‘मी चुकले तर म्हणतील, यांच्या मुली अशाच.’ रात्री बारापर्यंत एकटी घोकायची.

१९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणित शिकवण्यावर अभ्यास करणाऱ्या उरी ट्राइझमन यांना असंच काहीसं दिसलं होतं. कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते, पण ते एकेकटे अभ्यास करायचे. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढायची. ट्राइझमननी कच्च्यांची शिकवणी काढली नाही. गट केले, उलट जास्त अवघड गणितं दिली, आणि निकाल सुधारले. आपल्याकडे ‘मागासांसाठी जादा तास’ अशी पाटी लावतात. त्या तासाला कोण स्वाभिमानी मूल जाईल?

आम्ही तिला उर्दू शाळेतूनच आलेली टी.वाय.ची (तिसऱ्या वर्षाची) एक मुलगी जोडून दिली. तिने आधी स्वतःची एफ.वाय.ची (पहिल्या वर्षाची), विषय राहून एटीकेटी लागलेली मार्कशीट पुढे ठेवली. माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा ते कामाला आलं. ब्युरेट आलटून पालटून धरायची, हे सरांनी सगळ्याच जोड्यांना सांगितलं; हिचं नाव घेतलं नाही.

शिवाय चौघींचा एक अभ्यासगट केला, तरी त्यात ही दिसेना. गट बसायचा चारनंतर, आणि गावची एसटी सुटायची चारला! कॉलेजचं ओरिएंटेशनही असंच: हजेरी, ड्रेसकोड, आणि शंका विचारायची वेळ आली तोवर एसटीने जाणारी मुलं स्टँडवर. शेवटी गट लेक्चर आणि प्रॅक्टिकलच्या मधल्या वेळेत आणला. विभागप्रमुख थोडे कुरकुरले.

आईला म्हटलं, ताई, शाखा बदलायचं दुसऱ्या सत्रानंतर बघू, राहिलेले विषय पुन्हा देता येतात. घरी आल्यावर ‘किती वाचलंस’ नको, ‘आज कुणाला काय विचारलंस’ ते विचारा.

केमिस्ट्री सुटलं. गणित राहिलंय, पुढच्या परीक्षेला ती पुन्हा बसतेय.