पहिला रिब्रीदर घेताना पैसे कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 140 डाइव्ह झाल्यात, ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) अंगवळणी पडलाय, पुण्याहून नोकरीसाठी इंग्लंडात आलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या स्कॅपा फ्लोमधली बुडालेली जर्मन जहाजं बघण्याआधी पहिला क्लोज्ड सर्किट रिब्रीदर घ्यायचाय, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून, ऑक्सिजन घालून तोच परत देणारं यंत्र. दुकानाने धाडलेल्या यादीने मात्र डोकं भणाणलंय. इलेक्ट्रॉनिक की मॅन्युअल, काउंटरलंग (श्वास साठवणाऱ्या पिशव्या) पाठीवर की खांद्यावर, बेलआउट व्हॉल्व्ह हवा का, सिलिंडर दोन लिटरचे की तीनचे.

मी लेस्टरला राहतो. स्टोनी कोव्हची पाण्याने भरलेली जुनी खाण अर्ध्या तासावर, त्यामुळे सहा वर्षांतले बरेचसे रविवार तिथेच गेलेत. यादी हातात घेण्याआधी एक ठरवा: तुम्ही कोणाबरोबर डाइव्ह करणार आणि ते काय वापरतात? रिब्रीदरचं सर्टिफिकेट त्या त्या मॉडेलपुरतं असतं. बोटीवर ओ-रिंग (जोड घट्ट ठेवणारी रबरी कडी) फाटली तर शेजाऱ्याच्या डब्यात तीच मिळायला हवी. मंडळी जेजे वापरत असतील तर जेजे, इन्स्पिरेशन वापरत असतील तर इन्स्पिरेशन. दोन्ही उत्तम यंत्रं आहेत.

आता यादी. प्रत्येक ऑप्शनला मी एकच प्रश्न विचारतो: काही बिघडलं, तर खात्रीचा गॅस तोंडात यायला मला किती हालचाली कराव्या लागतील?

म्हणून बेलआउट व्हॉल्व्ह घ्याच. ऑक्सिजन कमी-जास्त झाला तर निदान डिस्प्ले तरी सांगतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. स्क्रबरमधला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्यातला, सोडा लाइम संपला, नीट भरला गेला नाही किंवा एखादा झडप-पडदा उलटला, की तुम्ही स्वतःचाच उच्छ्वास परत ओढता. दम लागतो, श्वास धावायला लागतो, आणि तोंडातला माउथपीस दोन सेकंदही काढवत नाही. वर्गात हे ऐकताना वाटतं, त्यात काय, काढायचा आणि दुसरा लावायचा. ज्यांच्यावर ती वेळ आलीय ते असं म्हणत नाहीत. बेलआउट व्हॉल्व्हवर तोंडाशीच एक खटका असतो, तो फिरवला की लूप (श्वास फिरत राहतो ती नळ्यांची वाट) बंद आणि सिलिंडरचा गॅस चालू. वजनाने जबडा दुखतो हे खरं. पहिले दहा तास दुखेल.

पण तो कशाला जोडलाय ते बघा. अंगावरच्या तीन लिटरच्या डिल्युएंट (ऑक्सिजन पातळ करायला मिसळतात तो गॅस) सिलिंडरला जोडला, तर 200 बारला तुमच्याकडे 600 लिटर गॅस. 40 मीटरवर दाब पाच बार. घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर ओढतो असं धरलं, तर तिथे 150 लिटर झाले. म्हणजे चार मिनिटं. तोच हिशेब बाजूला लटकवलेल्या 11 लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरचा केला तर चौदा-पंधरा मिनिटं. व्हॉल्व्ह त्यालाच जोडता येईल अशी नळी मागून घ्या.

दुसरा खर्च ऑक्सिजन मोजणाऱ्या सेलवर आणि ते वाचणाऱ्या डिस्प्लेवर. बहुतेक युनिटमध्ये तीन सेल असतात आणि मतदानाने ठरतं: दोघांचं जुळलं की तिसरा खोटा. पंचायतच म्हणा, आणि पंचायतीत दोन म्हातारे मिळून एका शहाण्याला गप्प बसवू शकतात. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. दुसऱ्या वर्षी, स्टोनी कोव्हला सहा मीटरवर, लूप शुद्ध ऑक्सिजनने धुऊन मी आकडे बघत होतो. तिथे ऑक्सिजनचा दाब 1.6 बार दिसायला हवा. पहिला सेल 1.22, दुसरा 1.21, तिसरा 1.56. डिस्प्लेवर तिसऱ्याभोवती पिवळी चौकट, म्हणजे 'हा चुकतोय'. बरोबर तोच एकटा होता! म्हातारा सेल एका आकड्यापुढे चढतच नाही, आणि पृष्ठभागावर 1.0 पर्यंतच तपासत असल्याने हे कळत नाही. सेटपॉइंट, म्हणजे यंत्राने राखायचा ऑक्सिजनचा दाब, 1.3 ठेवून तसाच खाली गेलो असतो, तर सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) 1.22 ला 1.3 करायला ऑक्सिजन ओततच राहिला असता, आणि खरा आकडा धोक्याच्या पलीकडे गेला असता. चूक माझीच. ते दोन सेल एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतले होते, म्हणून एकत्रच म्हातारे झाले. आता प्रत्येकावर मार्करने तारीख लिहितो आणि आळीपाळीने बदलतो. तुम्हीही युनिटबरोबर येणारे तिन्ही सेल एकाच वेळी संपवू नका. आणि मुख्य कंट्रोलरपेक्षा वेगळ्या बॅटरीवर चालणारा, सेल स्वतंत्रपणे वाचणारा दुसरा डिस्प्ले घ्या. तो चैनीत मोडत नाही.

इलेक्ट्रॉनिक की मॅन्युअल यावर लोक तासन्‌तास भांडतात. मॅन्युअलमध्ये ऑक्सिजनची बारीक धार सतत येत राहते आणि वरचा तुम्ही बटणाने घालता, म्हणून आकड्याकडे लक्ष राहतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये ते काम सोलेनॉइड करतो, पण बटण तिथेही असतंच. मी इलेक्ट्रॉनिक घेतला, सेटपॉइंट खाली ठेवला आणि बरेच महिने हातानेच चालवला. तुम्हालाही तेच सुचवेन.

काउंटरलंगचं उत्तर तुमच्या छातीवर किती पसारा असतो त्यावर आहे. पाठीवरचे घेतले तर समोर मोकळं, बेलआउट सिलिंडर लावायला सोपं. खांद्यावरच्यांमध्ये श्वास बऱ्याच जणांना हलका वाटतो. दोन्ही लावून पाण्यात उतरून बघा. यावर माझं काही ठाम मत नाही.

सिलिंडर मात्र दोन लिटरचेच पुरतात. शरीराला मिनिटाला साधारण एक लिटर ऑक्सिजन लागतो, आणि खोली वाढली म्हणून तो वाढत नाही. दोन लिटरच्या सिलिंडरमध्ये 400 लिटर मावतो, दोन तासांच्या डाइव्हला त्यातला अर्धाही जात नाही. ड्रायसूट डिल्युएंटवर फुगवणार असाल तरच तीन.

स्क्रबरच्या महागड्या डब्याच्या मोहात पडू नका, तो भरायला शिका. दाणे थोडे ओतायचे, डबा चहूबाजूंनी थोपटायचा, परत ओतायचे, आपण घरी पिठाचा डबा ठोकून भरतो तसं. आधी खुळखुळ येते, मग आवाज बसका होत जातो. कुठे पोकळी राहिली तर गॅस तीच वाट धरतो. हे वाऱ्याकडे पाठ करून, उघड्यावर करा. धूळ घशात गेली की दिवसभर खोकाल. पाणी शिरून तो चुना तोंडात आला तर भाजतंच.

सेकंडहँडबद्दल विचारलंत. घ्या, पण सेल आणि नळ्या नवीन घालायच्या हे धरूनच किंमत काढा, आणि हेडमधल्या (सेल बसवलेल्या वरच्या भागातल्या) तारांवर हिरवट गंज दिसला तर पुढे बोलूच नका.

सुट्टीत मालवणला नेता येईल का, हेही विचारलंय. मी माझा लेस्टरलाच ठेवून जातो. ऑक्सिजन भरून मिळवायचा, सोडा लाइम शोधायचा, सामानाचं जादा भाडं भरायचं, आणि उतरायचं आठ-दहा मीटरवर. तिथे साधा सिलिंडर घेतो आणि वर आल्यावर जेवायला वेळ उरतो.