वाचकांचे प्रश्न : मोठी डिश वाऱ्यात जागची हलू नये म्हणून

प्रश्न : 1.8 मीटर व्यासाची पत्र्याची डिश गच्चीवर बसवायची आहे. माउंटसकट वजन 40 किलोच्या आसपास. 1.2 मीटर उंच पाइप, खाली 30 सेंटिमीटरची चौकोनी बेसप्लेट आणि 10 मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट. एवढं पुरेल ना?

नाही पुरणार. हिशेब वजनाचा नाही, वाऱ्याचा करायचा. या डिशचं क्षेत्रफळ सुमारे 2.5 चौरस मीटर. ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला की तिच्यावर साधारण 160 किलोचा जोर पडतो. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो, म्हणजे 150च्या वाऱ्यात 360 किलो.

हा जोर 1.2 मीटर उंचीवर बसतो आणि पाइप तरफेसारखा बेसप्लेटला मुळापासून उपटायला बघतो. बोल्टांमधलं अंतर फार तर 24 सेंटिमीटर असेल. तरफेचा हिशेब मांडला तर 100च्या वाऱ्यात वाऱ्याकडच्या दोन बोल्टांवर मिळून 800 किलोचा ताण येतो, प्रत्येकी 400. 150च्या वाऱ्यात प्रत्येकी 900. शिवाय वारा एकसारखा ओढत नाही, झटके देतो. अँकर आधी ढिला होतो, मग भोक रुंदावतं, आणि उखडतो तो पुढच्या वादळात.

बोल्ट 12 मिलिमीटरचे घ्याच, पण खरा फरक तिरक्या आधारांनी पडतो. पाइपला 80 सेंटिमीटर उंचीवर दोन आधार जोडा, एकमेकांशी काटकोनात, आणि त्यांचे पाय पाइपपासून एक मीटर लांब टेकवा. हे आधार पाइपचे किंवा अँगलचे हवेत, तारेचे नकोत. तार फक्त ओढ घेते, अँगल ओढही घेतो आणि दाबही. तरफेचा हात 24 सेंटिमीटरवरून एक मीटर झाला की बोल्टांवरचा ताण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो.

आता कोबा. गच्चीच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर असतो आणि अनेक ठिकाणी अँकर त्या थरातच अडकवलेला सापडतो. ड्रिल सहज शिरतं आणि भुकटी विटकरी येते, तेव्हा तुम्ही अजून कोब्यातच आहात. काँक्रीट लागलं की आवाज बदलतो, भुकटी करडी होते. लांब बोल्ट घेऊन कोब्यातून स्लॅबपर्यंत जाणं हाही उपाय नाही, कारण मधल्या मऊ थरात बोल्ट वाकत राहतो आणि त्याच फटीतून पाणी झिरपतं. बीमच्या किंवा कॉलमच्या डोक्यावरची जागा निवडा, तेवढाच कोबा काढा, स्लॅबमध्ये केमिकलने, म्हणजे भोकात भरायच्या चिकट रसायनाने, सळया बसवा आणि 45 × 45 सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा कोब्याच्या वर येईल इतका उंच ओता. बेसप्लेट त्यावर. वॉटरप्रूफिंग ठोकळ्याच्या बाजूंवरून वर चढवून घ्या. आधारांच्या पायांखालीही असेच छोटे ठोकळे लागतील.

केमिकल अँकर वापरताना 12 मिलिमीटरच्या रॉडला 14 मिलिमीटरचं भोक आणि 110 मिलिमीटर खोली धरा. भोक फुंका, तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा फुंका, आणि हे निदान दोनदा करा. धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. अख्खा रॉड हाताने बाहेर येतो तो याच कारणाने.

प्रश्न : सगळे नट घट्ट आहेत, तरी जोराचा वारा सुटला की चित्र फुटतं. डिश 1.8 मीटरचीच, पाइप दोन इंची.

दोषी बहुतेक पाइपच आहे. 12 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या केयू बँडवर, म्हणजे उपग्रह वाहिन्यांच्या लहरींच्या एका पट्ट्यावर, या डिशचा झोत जेमतेम एक अंश रुंद असतो. डिश अर्धा अंश कलली की सिग्नल निम्मा होतो. अर्धा अंश म्हणजे किती? डिशची कड मूळ जागेपासून फक्त 8 मिलिमीटर सरकली तरी झाला.

दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास 60 मिलिमीटर, भिंत 3.6. आधाराशिवाय 1.2 मीटर उभा असेल, तर ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यातच त्याचा माथा जवळपास अर्धा अंश कलतो. 100च्या वाऱ्यात सव्वा अंश, आणि तेव्हा तो कायमचा वाकायच्या बेताला आलेला असतो. 89 मिलिमीटर व्यासाचा, 4 मिलिमीटर भिंतीचा पाइप त्याच 100च्या वाऱ्यात एकतृतीयांश अंश कलतो. पाइप बदलता येत नसेल तर वर सांगितलेले तिरके आधार लावा.

त्याआधी ढिलेपणा तपासा. वारा पडलेला असताना एकाने डिशची कड हळूच पुढे-मागे करावी आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवावं. ते अर्धं बोट पाइपवर आणि अर्धं कॉलरवर, म्हणजे माउंटच्या पाइपवर चढणाऱ्या कड्यावर हवं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. सगळ्यात जास्त वेळा सापडते ती कॉलर. पाइप कॉलरपेक्षा बारीक असतो, मग मध्ये रबर किंवा पत्र्याची पट्टी कोंबलेली असते. ती काढा, पोलादी स्लीव्ह घाला, आणि कॉलरला 120 अंशांवर तीन बोल्ट हवेत. त्यानंतर उंची ठरवणारा आट्यांचा दांडा. त्याला दोन्ही बाजूंनी लॉकनट असायलाच हवा.

प्रश्न : स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही. फ्रेमवर वजन ठेवून भागेल का?

लहान डिशसाठी नक्की भागतं, 1.8 मीटरसाठी विचार करावा लागतो. 1.8 मीटर चौरस फ्रेम धरली, तर 100च्या वाऱ्यात उलटू नये म्हणून किमान 215 किलो लागतात. पण फ्रेम उलटण्याआधी घसरते, आणि हे बहुतेक जण मोजतच नाहीत. खाली रबरी मॅट असेल तरी घसरू नये म्हणून 320 किलो, आणि दीडपट सुरक्षितता धरून 480. यात डिश आणि फ्रेम आली. 40 × 20 × 20 सेंटिमीटरचा भरीव काँक्रीट ब्लॉक 38 किलोचा असतो, म्हणजे दहा-अकरा ब्लॉक. 150च्या वाऱ्यासाठी हाच आकडा टनाच्या वर जातो. तेवढं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर चढवू नका.

शिवाय मागून आलेला वारा कललेल्या डिशला पुढे ढकलतो तसा वरही उचलतो. म्हणून ब्लॉक फ्रेमच्या कोपऱ्यांकडे ठेवा आणि पट्टीने फ्रेमला बांधा. 90 सेंटिमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ चौथाई, त्यामुळे तिला 120 किलो पुरतात.

जाळीची डिश घेतली तर वारा आरपार जाईल, या भरवशावर वजन निम्मं करू नका. जाळीची भोकं बारीक असतात, जोराच्या वाऱ्यात ती पत्र्याच्या बरीच जवळ जाते.

प्रश्न : भिंत पोकळ ब्लॉकची आहे. वॉल माउंट चालेल?

फुगणारे अँकर अजिबात नकोत, ते ब्लॉकची भिंत आतून फोडतात. आरपार बोल्ट घाला आणि पलीकडून 6 मिलिमीटर जाडीची, माउंटच्या पट्टीएवढी प्लेट लावा. तेही 90 सेंटिमीटरपर्यंतच. अर्ध्या विटेच्या कठड्याला कुठलीच डिश लावू नये.

प्रश्न : अंगणात काँक्रीटमध्ये पाइप उभा केला होता. डिश हळूहळू फिरली, पाइप मात्र सरळ आहे.

पाइप काँक्रीटमध्येच गोल फिरलाय. गुळगुळीत पाइपला धरून ठेवणारं आत काहीच नाही. नव्याने करताना पाइपच्या तळाशी सळयांचे दोन तुकडे फुलीसारखे वेल्ड करा. खड्डा 60 × 60 सेंटिमीटर, 90 खोल. 1:1.5:3 मिश्रणाला (सिमेंट, वाळू, खडी) अडीच-तीन गोणी सिमेंट लागेल. काँक्रीट थेट न हललेल्या मातीला टेकून ओता. खड्डा मोठा खणून मागाहून माती भरली तर बाजूचा आधारच जातो. ओळंबा दोन बाजूंनी, काटकोनात लावून बघा आणि पाइपला टेकू देऊन ठेवा. निदान सात दिवस पाणी मारा, त्याआधी डिश चढवू नका. पाइपच्या तोंडाला टोपण हवं, नाहीतर तो आतून गंजतो, आणि काँक्रीटचा माथा पाइपपासून बाहेर उतरता ठेवा.

पाइपला अर्थिंग करताना 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार इमारतीच्या मुख्य अर्थिंगपर्यंत न्या. वेगळा खिळा ठोकून मोकळं होऊ नका. दोन अर्थमध्ये विजेच्या वेळी जो फरक येतो, तो केबलमधून सेट टॉप बॉक्सवर जातो.