आरएफ सप्लाय घेण्याआधी लेन्सच्या प्लेटा उतरवून बघा

तुम्ही लिहिलंय की मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (वायूचे आयन करून ते वस्तुमानानुसार वेगळे करणारं यंत्र) आयन लेन्स (आयनांचा झोत नेमका नेणाऱ्या, छिद्र असलेल्या प्लेटा) आणि क्वाड्रुपोल (चार दांड्यांची आयन-गाळणी) स्वतः डिझाइन करून बसवलेत. सुरू केल्यावर वस्तुमान २८ चा पीक झकास येतो, वीस-पंचवीस मिनिटांत निम्म्यावर उतरतो आणि रात्रभर बंद ठेवलं की सकाळी पुन्हा पहिल्यासारखा. फिलामेंट बदललं, आयनांचा सिग्नल वाढवणारा मल्टिप्लायर बदलला, हीलियम लीक टेस्टमध्ये काही निघालं नाही, आता क्वाड्रुपोलला व्होल्टेज देणारा नवा आरएफ सप्लाय मागवणार आहात. कृपा करून इतक्यात मागवू नका. याच दुखण्यात माझे आठ महिने गेले आहेत.

तुम्ही टाकलेले दोन्ही आलेख नीट पाहिले. क्वाड्रुपोलच्या डीसी (स्थिर) आणि आरएफ (वेगाने उलटसुलट होणाऱ्या) व्होल्टेजचं गुणोत्तर ०.१६८ च्या आसपास असतं. ते जरा हललं तरी पीकची रुंदी बदलते, आणि नुसता आरएफ सरकला तर पीक जागा सोडतो. तुमचा पीक त्याच जागी, त्याच रुंदीत बुटका होतोय. म्हणजे आयन क्वाड्रुपोलच्या तोंडापर्यंतच कमी पोचताहेत.

माझ्याकडे कारण निघालं ते लेन्सच्या प्लेटांवरचं सिलिकोन. ड्रॉइंगवर मी छिद्राची गोलाई, प्लेटांची समांतरता, सगळं मायक्रोनमध्ये दिलं होतं. पण प्लेटा कापताना कूलंट कोणता चालेल, फिनिश कसं करायचं, यावर एक ओळ नव्हती. ही चूक माझीच. वर्कशॉपने प्लेटा देखण्या दिसाव्यात म्हणून काचेच्या मण्यांनी ब्लास्ट केल्या आणि बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून वर सिलिकोनचा स्प्रे मारला. मी नेहमीप्रमाणे ऍसिटोनने धुऊन बसवल्या.

संशय आल्यावर मी त्यांच्या कार्यालयाला तीनदा लेखी विचारलं की यावर काय काय लावलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच: ‘सर्व भाग ड्रॉइंगनुसार तपासून दिले आहेत.’ कुणी उठून मशीनपर्यंत जाऊन बघितलं नाही. त्या पत्रव्यवहारात दोन महिने गेले, आणि त्याचा राग आजही येतो. शेवटी मीच गेलो. मशीनवरच्या माणसाने फळीवरचा सिलिकोन स्प्रेचा डबा काढून हातात दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत. म्हणून सांगतो, विचारायचं ते भाग हाताने बनवणाऱ्याला विचारा.

होतं असं की सिलिकोनवर इलेक्ट्रॉन किंवा आयन आदळत राहिले की त्याचा कडक, काचेसारखा थर बनतो, आणि तो वीज वाहू देत नाही. त्यावर पडलेल्या आयनांचा चार्ज स्टीलपर्यंत जात नाही, वरच साचतो. तुम्ही प्लेटला ऐंशी व्होल्ट दिलेत तरी आयनांना जाणवतं ते वेगळंच, आणि बीम भलतीकडे वळतो. बीम बंद केला की चार्ज हळूहळू झिरपतो, म्हणून सकाळी सगळं ठीक. डिफ्युजन पंप (तेलाच्या वाफेवर चालणारा निर्वात पंप) असलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सिलिकोन तेलाऐवजी पॉलिफिनाइल ईथर वापरतात तेही याचसाठी.

प्लेट समोरून पाहिली तर स्टील स्वच्छ दिसत होतं. दिव्याखाली तिरपी धरल्यावर ३ मिमीच्या छिद्राभोवती इंद्रधनुष्यासारखं बारीक कडं उमटलं. ते दिसेपर्यंत मी ती प्लेट निदान चार वेळा हातात घेतली असेल.

खात्री करायला सिग्नल पडल्यावर काहीही बंद न करता लेन्सचं व्होल्टेज पाच-दहा व्होल्ट वरखाली करा. सिग्नल बराचसा परत आला तर चार्जिंगच समजा. मग सिलिकोनचे ७३, १४७, २०७, २८१ हे पीक शोधा. माझी रेंज १०० पर्यंतच होती, त्यामुळे फक्त ७३ दिसला आणि उरलेलं सॉल्व्हंट असेल म्हणून मी तो सोडून दिला. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफ जोडलेला असेल तर २०७ आणि २८१ कॉलममधूनही येतात, तेव्हा त्यावरून घाई करू नका.

भाजून बसलेला थर अल्ट्रासॉनिकमध्ये कितीही वेळ ठेवलात तरी सॉल्व्हंटने निघत नाही. ऍल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड पाण्यात कालवून घासा, भरपूर पाण्याने धुवा, मग डीआयोनाइज्ड पाणी, मग मिथेनॉल, आणि बेकआउट (निर्वातात तापवणं). प्लेट ब्लास्ट केलेली असेल तर मी तीही खटपट करणार नाही, सरळ नवी करून घेईन. खड्ड्यांत अडकलेलं निघतच नाही असं माझं मत आहे, इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

कडं दिसलं नाही तर सिरॅमिक स्पेसर तपासा. बीमला इन्सुलेटर थेट दिसत असेल तरी असंच होतं. स्पेसर प्लेटच्या कडेमागे लपला पाहिजे. आणि उघडलंच आहे तर बंद भोकांतल्या स्क्रूंना हवा निघायची वाट आहे का तेही बघा, आणि फिलामेंटजवळ पितळेचं काही असेल तर काढा, गरम झालं की त्यातलं जस्त उडतं.

माझा अनुभव लहान क्वाड्रुपोलपुरता आहे, टाइम-ऑफ-फ्लाइट या दुसऱ्या प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमीटरबद्दल मी बोलणार नाही. आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर ठळक अक्षरांत असतं: सिलिकोन नको, गंधकाचा कूलंट नको, ब्लास्टिंग नको, धुतल्यावर हातमोज्याशिवाय हात लावू नये. दहा व्होल्ट हलवून काय झालं आणि ७३ किती उंच आहे, तेवढं इथे टाका. पुढचं त्यावरून ठरवू.