ज्युलिएट कोणाला ‘तू’ म्हणते?

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकावर या सदरात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. कथानक सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळे बहुतेकांनी भाषेविषयी किंवा पात्रांच्या स्वभावाविषयी विचारले आहे. माझ्या मते या नाटकापुरते तरी हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही सज्जातील प्रवेश मूळ इंग्रजीत बसवत आहोत. ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ या ओळीला ज्युलिएट झालेली मुलगी कपाळाशी हात धरून खाली बागेत रोमिओला शोधते. हे चुकीचे आहे असे आमच्या एका सहशिक्षिकेचे म्हणणे आहे. (एक शिक्षक, सांगली)

सहशिक्षिकेचे म्हणणे बरोबर आहे. ‘व्हेअरफोर’ या जुन्या शब्दाचा अर्थ ‘कुठे’ असा नसून ‘का’, ‘कशासाठी’ असा आहे. ‘रोमिओ, तू कुठे आहेस?’ असे ती विचारत नाही. ‘तू रोमिओच का असावास?’ असे विचारते. ज्याच्यावर आपले मन जडले तो वैऱ्याच्या, म्हणजे माँटेग्यूच्या घरातला आहे हे तिला थोड्याच वेळापूर्वी कळले आहे. शिवाय तो खाली बागेत उभा आहे याची तिला कल्पनाही नाही, मग ती त्याला शोधील कशाला?

पुढच्या ओळींत ती जे बोलते तो चक्क युक्तिवाद आहे. माँटेग्यू म्हणजे हात नव्हे, पाय नव्हे, बाहू नव्हे, चेहरा नव्हे, माणसाच्या अंगाचा कोणताच भाग नव्हे. गुलाबाला दुसरे काही म्हटले म्हणून त्याचा सुगंध कमी होत नाही. मग तुझे नाव टाकून दे आणि त्या बदल्यात मला सगळीच्या सगळी घे. याच वेळी अंधारात उभा असलेला रोमिओ तिला सूर्य म्हणतो आहे आणि तिच्या डोळ्यांना तारे. तो उपमांनी सजवत असतो तेव्हा ती विचार करत असते, हा फरक तुमच्या विद्यार्थिनीला सांगा. हात कपाळावरून आपोआप खाली येईल. (जाता जाता : मूळ संहितेत ‘बाल्कनी’ हा शब्दच नाही, ज्युलिएट फक्त ‘वर’ आहे. तेव्हा मंचावर सज्जा उभारता आला नाही तर टेबल आणि खिडकीची चौकट पुरेल.)

प्रश्न : मी या नाटकाचे मराठी भाषांतर करू पाहत आहे. ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ असा सरसकट नियम ठेवला तर चालेल का? ज्युलिएटने रोमिओला ‘अहो’ म्हणावे की ‘अरे’? (एक वाचक, पुणे)

सरसकट नियम चालणार नाही, कारण शेक्सपिअरच्या काळी हे दोन्ही शब्द बोलीत सरमिसळ वापरले जात आणि एकाच वाक्यात एकावरून दुसऱ्यावर घसरणेही सामान्य होते. तरीही नियम टाकून देण्याची घाई करू नका. आजच्या इंग्रजी प्रेक्षकाकडे ‘यू’ हा एकच शब्द उरला असल्यामुळे या नाटकातील कितीतरी हालचाली त्याच्या कानावरून निसटतात. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ रोज पारखून वापरणाऱ्या मराठी माणसाला मात्र त्या सहज ऐकू येऊ शकतात. फक्त प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावे लागेल.

पहिली भेट घ्या. मेजवानीत दोघे प्रथमच समोरासमोर येतात आणि त्यांचे पहिले चौदा ओळींचे बोलणे मिळून एक पूर्ण सुनीत होते. रोमिओ स्वतःला यात्रेकरू आणि तिला संताची मूर्ती कल्पितो. इटालियनमध्ये ‘रोमिओ’ म्हणजे रोमच्या यात्रेला निघालेला माणूस, त्यामुळे ही कल्पना त्याच्या नावातच दडलेली आहे. या सुनीतात ज्युलिएट त्याला ‘यू’ म्हणते, कारण तो अनोळखी आणि पाहुणा आहे. तो मात्र तिला ‘दाऊ’ म्हणतो. हा उद्धटपणा आहे का? मला तसे वाटत नाही. तो मूर्तीपुढे उभा राहून मागणे मागतो आहे, आणि आपण पांडुरंगालाही ‘तू’च म्हणतो. येथे मराठीत त्याने ‘तू’ आणि तिने ‘तुम्ही’ म्हणणे मुळाला धरूनच होईल. चुंबनानंतरही ती ‘यू’वरच असते आणि त्याला थोडे टोचून बोलते : पुस्तकात लिहिल्याबरहुकूम चुंबन घेता की तुम्ही!

त्याच रात्री बागेत सगळे बदलते. तो ऐकत नाही अशा समजुतीने ती एकटीच बोलत असते तेव्हा तिच्या तोंडी ‘दाऊ’ आहे, कारण मनातल्या माणसाला कोणी ‘अहो’ म्हणत नाही. अंधारातून आवाज येताच ती ‘कोण आहेस तू?’ असे दरडावते. हा ‘तू’ भीतीचा आणि संशयाचा आहे. तो रोमिओ आहे हे कळल्यावर सभ्यतेला धरून ‘तुम्ही’वर परतण्याची संधी तिला असते, आणि नेमक्या त्याच संभाषणात ती म्हणते की रीतभात पाळायला, बोललेले शब्द नाकारायला मला आवडले असते, पण आता उपचारांना रामराम, माझ्यावर तुझे प्रेम आहे का? उपचार सोडल्याचे ती तोंडाने सांगते आणि सर्वनामाने ते करूनही दाखवते. तेव्हा येथून पुढे तिच्या तोंडी ‘अहो’ घालू नका. आपल्या रंगभूमीवरच्या जुन्या नायिकांच्या सवयीने ते आपोआप येऊ पाहील, पण ते आले की ही मुलगी तिथेच संपली.

दाईच्या बाबतीत याच्या नेमके उलटे घडते, आणि मला ते या नाटकातले सर्वांत क्रूर ठिकाण वाटते. पहिल्या अंकात ज्युलिएटच्या बालपणीच्या आठवणी सांगताना, भूकंपाच्या वर्षी तिचे दूध कसे तोडले हे घोळवून घोळवून सांगून झाल्यावर, दाई म्हणते की मी पाजलेल्या पोरांत तूच सगळ्यांत गोड होतीस. तेथे ‘दाऊ’ आहे. तिसऱ्या अंकाच्या शेवटी रोमिओ हद्दपार झाला आहे, बापाने पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्न ठरवले आहे, आईने पाठ फिरवली आहे, आणि ज्युलिएट दाईकडे सांत्वनाचे दोन शब्द मागते. दाई सल्ला देते की पॅरिसशी लग्न करावे हे उत्तम, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे भांडी पुसायचे फडके. हा सल्ला देताना ती तिला ‘मॅडम’ म्हणते आणि ‘यू’ वापरते. अंगावर पाजलेल्या पोरीशी ती एकाएकी मोलकरणीसारखी बोलू लागते. मराठीत दाईने इतका वेळ ‘अगं पोरी, तू’ म्हणून येथे ‘ताईसाहेब, तुम्ही’ म्हटले, तर प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला काय तुटले ते टीप न वाचता कळेल. ज्युलिएट तिला फक्त एवढेच विचारते, की हे तू मनापासून बोलते आहेस का? त्यानंतर आपल्या मनातले ती दाईला पुन्हा कधी सांगत नाही.

पॅरिसचेही पाहा. लग्न ठरताच मठात भेटलेल्या ज्युलिएटला तो ‘तुझा चेहरा आता माझा आहे’ असे सांगतो आणि हक्काने ‘दाऊ’वर उतरतो, ती शेवटपर्यंत ‘यू’ सोडत नाही. वरकरणी हा आदर आहे, पण ते बंद केलेले दार आहे. बाप कॅप्युलेटही रागाच्या भरात ‘यू’वरून ‘दाऊ’वर येतो, फरफटत चर्चमध्ये नेईन म्हणतो, तो ‘तू’ प्रेमाचा नाही हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : सकाळी रोझलिनसाठी रडणारा रोमिओ रात्री ज्युलिएटसाठी जीव टाकतो. अशा उथळ तरुणाची शोकांतिका आपण गंभीरपणे का घ्यावी? (एक वाचक, नागपूर)

तो उथळ आहे, आणि हे नाटककाराला आपल्याइतकेच ठाऊक आहे. त्याचा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स तर त्याला तोंडावर विचारतो की रोझलिनसाठी गाळलेल्या आसवांचे डाग अजून गालांवर असताना हे काय नवे? रोझलिन मंचावर एकदाही येत नाही, एक शब्द बोलत नाही. ती कोणी व्यक्ती नसून रोमिओच्या बोलण्याचे निमित्त आहे. आणि ते बोलणे कसे आहे? शिशाचे पीस, उजळ धूर, थंड आग, आजारी आरोग्य : परस्परविरोधी शब्दांच्या जोड्यांची माळ. चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेत्रार्क याच्या अनुकरणातून युरोपभर पसरलेली ही प्रेमकवितेची ठरीव भाषा होती. रोमिओ ती पाठ करून आला आहे. त्याचा मित्र मर्क्युशिओ त्याबद्दल त्याची टर उडवतो ती उगाच नाही.

त्याच्यात खरा बदल होतो तो समोरून उत्तर आल्यामुळे. वर सांगितलेल्या सुनीतात तो चार ओळी म्हणतो आणि ज्युलिएट त्याच यमकांच्या धाग्याने चार ओळींत त्याला अडवते. आजवर त्याच्या कवितेला कोणी उत्तर दिले नव्हते. बागेत तो चंद्राची शपथ घ्यायला निघतो तेव्हा ती त्याला थांबवते : दर महिन्याला रूप पालटणाऱ्या चंद्राची शपथ कसली घेतोस? तिच्यासमोर सजावट टिकत नाही. हे शिक्षण सरळ रेषेत होत नाही हेही खरे. ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबल्टला, मारल्यावर तो फ्रायरच्या खोलीत जमिनीवर लोळण घेतो, तेव्हा तो पहिल्या अंकातला रोमिओच असतो. पण हद्दपारीत, मँच्युआ शहरात, ज्युलिएटच्या मृत्यूची खोटी बातमी कळते तेव्हा त्याच्याजवळ एकही उपमा उरलेली नसते. ग्रहताऱ्यांना आव्हान देणारे एक तोकडे वाक्य, शाई-कागद आण, घोडे भाड्याने घे, आणि मग ‘ज्युलिएट, आज रात्री मी तुझ्याजवळ निजेन’. रोझलिनवरच्या त्या लांबलचक रडगाण्याशिवाय या चार शब्दांचे वजन आपल्याला कळले नसते. म्हणून रोझलिनचा भाग कापून टाकणाऱ्या दिग्दर्शकांशी माझे पटत नाही.

एक तपशील जोडतो. ताऱ्यांना उद्देशून असलेली ती ओळ 1597 च्या छापील प्रतीत ‘आव्हान देतो’ अशी आहे आणि 1599 च्या प्रतीत ‘नाकारतो’ अशी. बहुतेक आधुनिक संपादक पहिले क्रियापद स्वीकारतात. मला दुसऱ्याचेही आकर्षण आहे. आव्हान देण्यासाठी समोर शत्रू असल्याचे मान्य करावे लागते.

प्रश्न : ज्युलिएट अवघी तेरा वर्षांची! त्या काळी अशीच लग्ने होत म्हणून आपण हे सोडून द्यायचे का? (एक वाचक, मडगाव)

त्या काळच्या इंग्लंडमध्ये सर्वसामान्य मुलींची लग्ने विशीच्या मध्यावर होत, त्यामुळे शेक्सपिअरच्या प्रेक्षकांनाही हे वय लहानच वाटले असणार. कायद्याने मुलीला बाराव्या वर्षापासून लग्न करता येत असे, पण तो रिवाज नव्हता. शेक्सपिअरने ज्या कवितेवरून कथानक घेतले त्या आर्थर ब्रुकच्या 1562 च्या काव्यात ती सोळा वर्षांची आहे, म्हणजे वय मुद्दाम खाली आणले आहे. तिच्या बापाकडूनच तो सुरुवातीला वदवतो की अजून दोन उन्हाळे जाऊ द्या; आणि पुढे तोच बाप दोन-तीन दिवसांच्या मुदतीने लग्नाचा वार ठरवतो. ब्रुकच्या काव्यात काही महिने चालणारी गोष्ट नाटकात रविवारी सकाळी सुरू होऊन गुरुवारी पहाटे संपते. एवढ्या घाईत एवढी लहान मुलगी : मोठ्यांच्या वागण्यावरचा हा शेरा आहे असे मी समजतो. (आपल्याकडच्या 1929 च्या शारदा कायद्यात मुलीचे किमान वय चौदा होते. ज्युलिएटला चौदावे पूर्ण व्हायला दोन आठवडे आणि वर काही दिवस बाकी आहेत.)

प्रश्न : या नाटकातल्या श्लेषांचे मराठीत काय करायचे? विशेषतः मरणाऱ्या मर्क्युशिओचा ‘ग्रेव्ह मॅन’? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

‘ग्रेव्ह’ म्हणजे गंभीर आणि ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगे. उद्या माझी चौकशी करा, मी तुम्हाला ‘ग्रेव्ह’ झालेला दिसेन, असे तो तलवारीचा घाव लागल्यावर म्हणतो. ‘थडगे’ आणि ‘गंभीर’ यांचा मेळ मराठीत बसत नाही, पण आपल्याकडे माणूस गेला म्हणजे ‘शांत झाला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ‘उद्या या मला भेटायला, मी अगदी शांत झालेला असेन.’ क्षणभरही गप्प न बसणाऱ्या मर्क्युशिओला हे मुळापेक्षाही अधिक शोभेल असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

अवघड श्लेष वेगळाच आहे. टिबल्टच्या खुनाबद्दल आई रोमिओला शिव्या देत असताना ज्युलिएट तिच्या सुरात सूर मिळवल्यासारखे बोलते, पण वाक्याच्या मध्यभागी ‘डेड’ हा शब्द असा ठेवते की आईला वाटावे रोमिओ मेलेला पाहायचा आहे आणि आपल्याला कळावे की मेले आहे ते तिचे स्वतःचे काळीज. मराठीत येथे लिंग आडवे येते : रोमिओ ‘मेलेला’ आणि काळीज ‘मेलेलं’. शब्द उच्चारताच गुपित फुटते. यावर मला सुचलेला उपाय असा, की काळजाऐवजी ‘जीव’ घ्यावा, कारण तो पुल्लिंगी आहे : ‘रोमिओला पाहीन तेव्हाच माझे समाधान होईल, मेलेला, जीव माझा हा, भावापायी.’ ‘मेलेला’च्या आधी आणि नंतर नटीने सारखाच विराम घ्यावा लागेल, एक विराम जरी लांबला, तरी शब्द एका बाजूला कलंडेल.